उपवासकाळात निवांतपणा कुठून आणायचा?

ताई, तुमचा प्रश्न वाचून मी लगेच लिहायला बसले नाही. एक रात्र तो मनात राहू दिला. वरवर तो जागेबद्दलचा प्रश्न आहे, पण मला त्यात जागेपेक्षा अपराधीपणा जास्त ऐकू आला.

मला कळलं ते असं. ईस्टरआधीचा उपवासकाळ ज्या दिवशी सुरू होतो त्या राखेच्या बुधवारी तुम्ही निश्चय केलात की ईस्टरपर्यंत रोज पहाटे 5 वाजता उठायचं आणि अर्धा तास प्रार्थना-मनन करायचं. घर दोन खोल्यांचं, माणसं पाच: तुम्ही दोघं, दोन मुलं, सासूबाई. पहिले चार दिवस जमलं. मग धाकटा रात्री उठायला लागला आणि पहाटेचा गजर तुम्ही झोपेतच बंद करू लागलात. संध्याकाळी टीव्ही, मुलांचा अभ्यास, स्वयंपाक, ऑफिसचे मेसेज. मध्ये एका शनिवारी सगळे बाहेर गेले आणि अख्खा तास मिळाला. त्या तासात आधी डोक्यात हिशोब सुरू झाले, मग डुलकी लागली. आता दोन आठवडे उलटलेत. तुम्ही विचारता की शांत जागा शोधायची तरी कुठे, आणि हा उपवासकाळ वायाच गेला का.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते: नाही, वाया गेलेला नाही. ते का, याकडे शेवटी येईन. आधी जागेचं बघू.

गेली 22 वर्षं मी लोकांना प्रार्थनेत सोबत करते. आठवड्यातून किंवा पंधरवड्यातून एकदा माणूस येतो, आपल्या प्रार्थनेत काय चाललंय ते सांगतो, मी ऐकते आणि सुचलं तर एखादी वाट दाखवते. येणारे बहुतेक संसारी, नोकरी करणारे. उपवासकाळ किंवा नाताळाआधीचा आगमनकाळ आला की निम्म्याहून जास्त जणांचं पहिलं वाक्य तुमचंच असतं: "शांतता मिळत नाही."

मी त्यांना विचारते, नक्की काय मिळत नाही? मराठीत यासाठी तीन शब्द आहेत आणि आपण ते एकमेकांत मिसळतो. आवाज नसणं म्हणजे शांतता. आपल्याला कुणी हाक मारणार नाही अशी खात्री असणं म्हणजे निवांतपणा. आणि मन आतून स्थिरावणं म्हणजे शांती. तुमचा प्रश्न या तिन्हीत वाटून बघा. तुम्ही शोधताय शांतता. तुम्हाला गरज आहे निवांतपणाची. आणि तुम्ही स्वतःवर नाराज आहात ती शांती मिळाली नाही म्हणून. माझा अनुभव असा की पहिलीशिवाय भागतं, दुसरा माणसांकडून मागून घ्यावा लागतो, आणि तिसरी आपल्या हातातच नसते. शिष्यांचा निरोप घेताना प्रभू येशूने "मी आपली शांती तुम्हाला देतो" असं म्हटलं. ती देण्याची गोष्ट आहे, त्याने देण्याची. आपण फक्त जाऊन बसायचं.

पहिलीशिवाय भागतं हे मला एका बसचालकाने शिकवलं. घरात सात माणसं. तो म्हणायचा, घरी मला नळ बंद असतानाही शांत वाटत नाही. त्याने मार्ग काढला तो असा: कामाच्या वेळेआधी डेपोत पोचायचं आणि आपल्याच रिकाम्या बसमध्ये मागच्या बाकावर जाऊन बसायचं. चालकाच्या जागेवर नाही, कारण तिथे बसलं की हात आपोआप चावीकडे जातो. आजूबाजूला दहा-बारा गाड्यांची इंजिनं सुरू होत असायची, कुणी टायरवर हातोडी मारून बघत असायचं, काचा थरथरायच्या. या गोंगाटात तो रोज 11 मिनिटं एक स्तोत्र घेऊन बसायचा. मी विचारलं, आवाजाचा त्रास होत नाही? तो म्हणाला, "त्यातला एकही आवाज मला बोलवत नाही ना." हे वाक्य मी अनेकांना सांगितलंय. इंजिनाच्या आवाजाने प्रार्थना मोडत नाही. "अगं, जरा बघतेस का?" या हळू आवाजातल्या एका वाक्याने मोडते.

म्हणून शांत जागेचा शोध तूर्त सोडा. निवांतपणाचं बघू, कारण खरी मेहनत तिथे आहे.

राखेच्या बुधवारी बहुतेक चर्चमध्ये मत्तयाच्या शुभवर्तमानाचा सहावा अध्याय वाचला जातो. दान, प्रार्थना आणि उपवास गुपचूप करा, असं सांगणारा. त्यात प्रभू म्हणतो की प्रार्थना करताना आपल्या खोलीत जा आणि दार लावून घे. आपण 'खोली' वाचतो आणि डोळ्यांसमोर एखादी स्वच्छ, रिकामी, खिडकीतून ऊन येणारी खोली उभी राहते. मूळ ग्रीकमधला शब्द आहे 'तामेइऑन'. त्याचा अर्थ आतली खोली, कोठार. कावळ्यांना कणगी नाही, कोठार नाही, तरी देव त्यांना खायला घालतो, असं लूकच्या बाराव्या अध्यायात आहे, तिथेही हाच शब्द येतो. म्हणजे प्रभूने ज्या जागेकडे बोट दाखवलं ती घरातली सामानसुमानाची जागा आहे, जिथे धान्य असतं, अवजारं असतात, जिथे पाहुण्यांना कुणी नेत नाही. तिचं वैशिष्ट्य एकच: तिला दार आहे.

मला हे कळलं तेव्हा माझी मुलं लहान होती आणि माझं कोठार म्हणजे कपडे धुण्याचं यंत्र आणि भिंत यांच्यामधली जागा. एक बुटकं स्टूल मावायचं. ओल्या कपड्यांचा वास, पायाशी साबणाचा डबा. दाराच्या कडीला मी निळा टॉवेल अडकवायची. मुलांना सांगून ठेवलं होतं की टॉवेल आहे तोवर आई देवाशी बोलतेय, कुणाला लागलं किंवा काही पेटलं तरच दार वाजवायचं. पहिले आठ-दहा दिवस त्यांनी रोज वाजवलं. मग थोरल्याने सोडलं. धाकटी चार वर्षांची होती. ती वाजवायची नाही, दाराला टेकून बसायची आणि खालच्या फटीतून एकेक रंगखडू आत सरकवायची. पिवळा आला, मग हिरवा, मग तिची दोन बोटं. सुरुवातीला मला चीड यायची. एके दिवशी मी ती बोटं बघत राहिले आणि त्या दिवशीची माझी सगळी प्रार्थना तेवढीच झाली. अशी प्रार्थना पुढे मला कुठल्याही शांत ठिकाणी फारशी मिळालेली नाही.

तेव्हा तुमच्या घरात दार कुठे आहे ते बघा. खरं दार नसेल तर ठरवलेलं दार चालतं: भिंतीकडे वळवलेली खुर्ची, जिन्यातली एक पायरी, उभी केलेली गाडी, ऑफिसला अर्धा तास लवकर पोचून आपलं टेबल. अट दोनच. रोज तीच जागा आणि तीच वेळ. जागा बदलत राहिली की पहिली पाच मिनिटं बूड टेकवण्यातच जातात.

आता वेळ. पहाटेबद्दल मी थोडं परखड लिहिणार आहे. येशू अगदी पहाटे, अंधार असताना उठून एकांतात प्रार्थनेला गेला, हे मार्कच्या पहिल्या अध्यायात आहे आणि उपवासकाळात प्रवचनांतून आपण ते ऐकतो. पण त्याच शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात काय होतं ते बघा. शिष्य दमून आलेत, माणसांची इतकी ये-जा की जेवायलाही सवड नाही. तो त्यांना म्हणतो, चला एकांतात, थोडा विसावा घ्या. होडीत बसून निघतात, आणि पोचतात तर लोक पायी पळत आधीच तिथे हजर. त्याला लोकांचा कळवळा येतो, तो त्यांना शिकवत बसतो, पाच हजारांचं जेवण होतं, शिष्यांना तो होडीतून पुढे पाठवतो, लोकांना निरोप देतो, आणि मग डोंगरावर प्रार्थनेला जातो. निवांतपणा मिळतो तो दिवसाच्या शेवटी, सगळ्यांचं आटोपल्यावर. मोडलेल्या बेताबद्दल तो लोकांवर चिडत नाही आणि प्रार्थना सोडूनही देत नाही, तिची वेळ पुढे नेतो. ज्याच्या घरात लहान मूल आहे त्याने मार्कच्या पहिल्या अध्यायापेक्षा हा सहावा जास्त वाचावा.

रात्री तीनदा उठणाऱ्या आईसाठी पहाटे 5 ही वेळ नाही. तुमची आधी झोप होऊ दे. तीन दिवस फक्त घराकडे लक्ष द्या आणि एका कागदावर टिपा की कुठल्या वेळी घर आपोआप सैलावतं, तुम्हाला कुणी मागत नसतं. माझा अंदाज, तुम्हाला दोन जागा सापडतील: मुलं शाळेत गेल्यानंतर ऑफिसला निघण्याआधी, किंवा ऑफिसातली जेवणानंतरची वेळ. त्यातली एक घ्या. आणि अर्धा तास नको, 12 मिनिटं घ्या. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने मठवासीयांसाठी नियम लिहिला, त्यातही प्रार्थना थोडकी आणि निर्मळ असावी असं आहे. ज्यांचा दिवस प्रार्थनेभोवतीच बांधलेला होता त्यांनाही त्याने थोडकीच सांगितली. 12 मिनिटं महिनाभर टिकली की ती स्वतः वाढायला लागतात. चार दिवस टिकलेल्या अर्ध्या तासाने मागे उरते ती फक्त हळहळ.

घरच्यांना मात्र सांगावं लागेल, आणि तोंडाने सांगावं लागेल. गुपचूप प्रार्थना करा याचा अर्थ घरच्यांपासून लपवा असा नाही, मिरवू नका एवढाच आहे. पतीला नेमकी वेळ सांगा: "8 वाजून 10 मिनिटांपासून 12 मिनिटं मुलांकडे तू बघ." 'मला जरा वेळ हवाय' असं मोघम म्हटलं की समोरच्याला ती तक्रार वाटते. नेमकी मिनिटं सांगितली की ते काम वाटतं, आणि काम माणसं करतात. बदल्यात त्यांनाही तेवढा वेळ द्या, मग ते प्रार्थना करोत किंवा नुसते पडून राहोत. यशयाच्या 58व्या अध्यायात देव आपल्याला आवडणारा उपवास कोणता ते सांगतो. भुकेल्याला अन्न, उघड्याला वस्त्र, आणि त्याच दमात आपल्याच रक्तामांसाच्या माणसांपासून तोंड लपवू नका. जी प्रार्थना घरातल्या माणसांना ओझं होते ती कुठेतरी चुकते आहे. इथे मी कुणालाच सूट देत नाही.

तुमच्या सासूबाईंच्या टीव्हीबद्दल एक सुचवते. जमेल की नाही ते तुमच्या नात्यावर आहे. त्यांना टीव्ही बंद करायला सांगू नका. एखाद्या संध्याकाळी त्यांना विचारा, "तुम्ही लहानपणी उपवासकाळात घरी काय करायचात?" मी तीन-चार घरांत पाहिलंय, या प्रश्नाने टीव्ही आपोआप बंद झाला आणि ज्यांना आपण अडथळा समजत होतो त्यांच्याकडेच पाठ असलेल्या प्रार्थनांचा साठा निघाला. निघेलच असं नाही. पण आवाज कमी करा म्हणण्यापेक्षा हा प्रश्न बरा.

फोनबद्दल फार लिहीत नाही. तो दुसऱ्या खोलीत असू द्या. बायबल कागदाचं घ्या, वेळेसाठी साधं घड्याळ. फोनवर वाचताना आपण मजकूर वाचत असतो आणि अंगठा पुढच्या गोष्टीची वाट बघत असतो.

आता तिसरी गोष्ट, मनाची. तुमचा शनिवारचा तास. आवाज नव्हता, हाक नव्हती, तरी डोक्यात हिशोब. यातून तुम्ही निष्कर्ष काढलात की 'मला प्रार्थना जमत नाही'. मला हा निष्कर्ष मान्य नाही.

काही वर्षांपूर्वी मी आठ दिवसांच्या मौनसाधनेला गेले होते. पाहिजे होती तशी जागा: झाडं, लांब व्हरांडा, जेवतानाही कुणी बोलत नाही. पहिला दिवस मी झोपले. दुसऱ्या दिवशी सकाळी डोळे मिटले आणि माझं बहिणीशी कडाक्याचं भांडण सुरू झालं. आईच्या दागिन्यांच्या वाटणीवरून, 11 वर्षांपूर्वीचं. मी मनात तिला उत्तरं देत होते, त्या वेळी न सुचलेली, आता अगदी चोख सुचणारी. तास संपला तेव्हा माझे हात थंड पडले होते. संध्याकाळी मी मार्गदर्शक सिस्टरांना सांगितलं की आज प्रार्थना झालीच नाही. त्या म्हाताऱ्या होत्या, हळू बोलायच्या. म्हणाल्या, "झाली की. तुला काय दुखतंय ते आज देवासमोर आलं. उद्या तेच घेऊन बस, फक्त बहिणीशी बोलू नकोस, त्याच्याशी बोल."

मनातला गोंधळ शांततेमुळे तयार होत नाही. तो होताच, शांततेत तो ऐकू येतो. पंखा बंद झाला की घड्याळाची टिकटिक ऐकू यावी तसं. म्हणून हिशोब आले की त्यांना हाकलू नका. आलेल्या गोष्टीचं नाव घ्या आणि ती त्याच्यापुढे ठेवा: 'प्रभू, शाळेची फी. प्रभू, साहेबांचं ते बोलणं.' एका वाक्यात. मग हातातल्या वचनाकडे परत या. ती पुन्हा येईल, पुन्हा ठेवा. बारा मिनिटांत वीस वेळा परत यावं लागलं तर वीस वेळा तुम्ही त्याच्याकडे परत आलात. एवढं परत येणं हीसुद्धा प्रार्थनाच आहे.

अविलाच्या संत तेरेसाचं नाव तुम्ही ऐकलं असेल. सोळाव्या शतकातली, कार्मेलाइट संघातली संन्यासिनी. 1970 साली पोप पॉल सहावे यांनी तिला चर्चची आचार्य म्हणून घोषित केलं, प्रार्थनेवर तिने जे लिहिलं त्यासाठी. तिने स्वतःबद्दल लिहिलंय की कित्येक वर्षं प्रार्थनेला बसल्यावर तिचं लक्ष तास कधी संपतो याकडे आणि घड्याळाच्या ठोक्याकडे असायचं. पुस्तक जवळ घेतल्याशिवाय प्रार्थनेला बसायचं तिला धाडस होत नसे. हे मी मुद्दाम सांगते, कारण रिकाम्या मनाने बसायचं असा एक समज आपल्यात शिरलाय. सुरुवातीला मनाला काहीतरी धरायला द्या.

मी काय देते ते सांगते. बाराव्या शतकात कार्थुसियन संघातल्या ग्विगो नावाच्या मठाधिपतीने पवित्र वाचनाच्या चार पायऱ्या लिहून ठेवल्या: वाचन, मनन, प्रार्थना आणि चिंतन. त्यावरूनच पण सोपं करून. तुमच्यासाठी मी 131वं स्तोत्र निवडलंय. फक्त तीन वचनांचं आहे. त्यात दाविदाच्या नावे म्हटलंय की दूध तुटलेलं मूल आईजवळ असावं तसा माझा जीव माझ्याठायी शांत आहे. तुम्ही आई आहात, हा फरक तुम्हाला कुणी समजावून सांगायला नको. अंगावर पिणारं मूल आईजवळ येतं ते दुधासाठी, चुळबुळत, शोधत, नाही मिळालं तर रडत. दूध तुटलेलं मूल येतं आणि नुसतं टेकून बसतं. त्याला काही नको असतं. त्याला आई हवी असते.

हे स्तोत्र हळू आवाजात वाचा, ओठ हलतील इतपत. थोडं थांबून पुन्हा वाचा. एखादा शब्द अडकेल, बहुधा 'मूल' किंवा 'शांत'. तो शब्द धरून बसा, श्वासाबरोबर मनात घोळवा. मग जे म्हणावंसं वाटेल ते त्याला म्हणा, साध्या घरगुती भाषेत. नंतर काही म्हणायचं उरलं नाही तर नुसत्या बसा. आठवडाभर हेच स्तोत्र. रोज नवं घेऊ नका. सातव्या दिवशी ते तुम्हाला भांडी घासताना आठवेल, आणि ती बारा मिनिटं तुमच्या दिवसात पसरायला लागतील.

काही दिवस कोरडे जातील. जेजुइट संघाचा संस्थापक संत इग्नेशियस याची साधनापुस्तिका 1548 साली छापली गेली. त्यात तो सांगतो की मन कोरडं असेल आणि उठून जावंसं वाटेल तेव्हा ठरलेल्या वेळेपेक्षा किंचित जास्त बसावं. मला हा नियम फार उपयोगी पडलाय. बारा मिनिटं झाली, काही वाटलं नाही, तर तेरावं मिनिट बसा आणि उठा. बसणं भावनेवर सोडू नका.

आणि झोप. बसल्यावर डुलकी लागते याचा अर्थ बहुतेक वेळा एकच असतो, की तुम्हाला झोप हवी आहे. गेथशेमाने बागेत शिष्य झोपले तेव्हा प्रभूने त्यांना जागं राहायला सांगितलं, आणि आत्मा उत्सुक असला तरी देह अशक्त आहे हेही त्यानेच म्हटलं. पलंगावर बसून प्रार्थना करू नका, पाठ सरळ राहील अशी खुर्ची घ्या. बसूनच जमत नसेल तर चालत करा. क्रूसाच्या वाटेची 14 स्थानं, म्हणजे येशूच्या दुःखसहनातले एकेक प्रसंग, ही चालण्याचीच प्रार्थना आहे. एका बाईंनी पूर्ण उपवासकाळ बसथांब्यापासून घरापर्यंतच्या रस्त्यात रोज दोन स्थानं घेतली. आठवड्यात वाट पूर्ण व्हायची.

आता काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या मोकळेपणाने सांगते. मूल वर्षाच्या आतलं असेल, घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल किंवा रात्रपाळी असेल, तर बारा मिनिटंही सलग मिळणार नाहीत. तिथे मी एकच लहान प्रार्थना देते. पूर्वेकडच्या चर्चमध्ये शतकानुशतकं म्हटली जाणारी आहे: 'प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा, मज पाप्यावर दया कर.' दूध पाजताना, औषध देताना, जिना चढताना म्हणा. घरातलं कुणी श्रद्धेत सोबत नसेल तर टॉवेल आणि खुर्ची चालणार नाही. तिथे घराबाहेरची जागा शोधा, चर्चमध्ये उपासनेच्या पंधरा मिनिटं आधी पोचणं हा सगळ्यात सोपा मार्ग. आणि एक गोष्ट मी नेहमी विचारते: अलीकडे कुणी जवळचं गेलंय का? मन सतत काळवंडलेलं असतं का, रात्र रात्र झोप लागत नाही का? तसं असेल तर लांब मौन, एकट्याने डोळे मिटून बसणं, हे अशा वेळी माणसाला आणखी खोल ओढू शकतं. तिथे आधी डॉक्टर, आणि प्रार्थना कुणाच्या तरी सोबतीने, मोठ्याने, ठरलेल्या शब्दांत. यात श्रद्धा कमी पडण्याचा काही संबंध नाही.

साधनागृहात दोन दिवस जाऊन येऊ का, असंही तुम्ही विचारलंय. जमत असेल तर जरूर जा, पण आत्ता नको. रोजच्या बारा मिनिटांची सवय नसताना गेलात तर ते दोन दिवस छान जातील आणि परतल्यावर घर आणखी गोंगाटाचं वाटेल. घर-नोकरी सोडून जाता न येणाऱ्यांसाठी रोजच्या जगण्यात राहूनच साधना करायची सोय इग्नेशियसने त्याच पुस्तिकेत केलेली आहे. तुमच्या धर्मगुरूंना किंवा पाळकांना विचारा, अशी सोबत करणारं कुणी ना कुणी त्यांच्या माहितीत असतं.

आता तो वाया गेल्याचा प्रश्न. राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत 46 दिवस असतात. त्यातले 6 रविवार उपवासात धरत नाहीत, म्हणून आपण 40 म्हणतो. तुमचे 14 दिवस गेलेत, 32 अजून समोर आहेत. चुकलेल्या दिवसांची भरपाई करू नका, म्हणजे आज अर्धा तास नाही जमला म्हणून उद्या एक तास असं काही नको. थकबाकी वसूल करणारा देव आपला नाही. द्राक्षमळ्याच्या दाखल्यात अकराव्या तासाला, म्हणजे दिवस संपत आल्यावर आलेल्या मजुरालाही धन्याने पूर्ण दिवसाची मजुरी दिली. पूर्वेकडच्या चर्चमध्ये ईस्टरच्या रात्री संत जॉन क्रिसोस्टम यांच्या नावे एक प्रवचन वाचतात. त्यात ज्यांनी पहिल्या तासापासून कष्ट केले त्यांना आणि जे अकराव्या तासाला पोचले त्यांनाही, ज्यांनी उपवास केला त्यांना आणि ज्यांनी नाही केला त्यांनाही, एकाच मेजवानीला बोलावलं आहे. तुम्ही तर अजून तिसऱ्या-चौथ्या तासालाच आहात.

हेच आगमनकाळातही लक्षात ठेवा. तो काळ 22 ते 28 दिवसांचाच असतो, शिवाय नाताळची सगळी तयारी त्याच दिवसांत, त्यामुळे तिथे पहिला आठवडा निसटला तर माणसं लगेच आशा सोडतात. सोडू नका.

तर असं करा. आज रात्री झोपण्याआधी एक खुर्ची ठरलेल्या जागी ठेवा आणि तिच्यावर बायबल, 131वं स्तोत्र उघडून. पहाटेचा गजर काढून टाका. पतीशी ती बारा मिनिटांची बोलणी आजच करून घ्या. पहिले दोन दिवस काहीतरी मोडेल, मूल पडेल, दूध उतू जाईल. तेव्हा उठा, काम करा, उरलेली मिनिटं असतील तर परत येऊन बसा. आठवड्याने मला लिहा, की स्तोत्रातला कुठला शब्द अडकला आणि बसल्यावर सगळ्यात जास्त काय काय मनात आलं. पुढच्या आठवड्यासाठी वचन मी त्यावरून निवडेन.